अभ्यासाचा विषय की अभ्यासक? चॅपल हिलने आम्हाला विचारलेला प्रश्न

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या तरुणांचा पहिला प्रश्न रँकिंगचा असतो, दुसरा फीचा आणि तिसरा व्हिसाचा. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक विद्यापीठाचे गाव पायी फिरल्यावर आम्हाला वाटू लागले की या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न विचारायला हवा. या विद्यापीठात आपल्यासारख्यांची जागा आजवर कुठे होती? बांधकामावर, खानावळीत, संशोधनाच्या तक्त्यांत, की वर्गातल्या बाकावर आणि फळ्यासमोर?

आम्ही दोघे नवरा-बायको समाजकार्यात आहोत. दोघांनीही समाजशास्त्रात एम.ए. केले आणि नंतरची दहा-अकरा वर्षे वस्त्यांमध्ये काम करण्यात गेली. आता आमच्यापैकी एकीला पीएच.डी. करायची आहे. विषय ठरलेला आहे: सफाई कामगारांच्या मुलींचे शिक्षण नेमके कुठे आणि का तुटते. एक चुलत भाऊ नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहतो. त्याच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा जवळच असलेले चॅपल हिल बघून येऊ असे ठरले. 14 ऑक्टोबरला त्याच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एहिपस्सिको, म्हणजे ये आणि पाहा. धम्माच्या बाबतीत तथागतांनी जे स्वातंत्र्य दिले, ते विद्यापीठाच्या बाबतीत तरी का सोडावे?

देखणे गाव, जुना हिशेब

चॅपल हिल हे खरोखर विद्यापीठाभोवती वाढलेले गाव आहे. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाची सनद 1789 ची. पहिल्या इमारतीचा पायाचा दगड 12 ऑक्टोबर 1793 ला बसला आणि 1795 मध्ये विद्यार्थी आले. अमेरिकेतील सर्वात जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी हे एक. मोठमोठी झाडे, विटांच्या पायवाटा, फ्रँकलिन स्ट्रीटवरची दुकाने, आणि 2002 पासून विनातिकीट चालणारी गावातली बससेवा. नव्या विद्यार्थ्याला भुरळ पडावी असेच सगळे आहे.

पण त्या पहिल्या इमारती गुलामांच्या श्रमातून उभ्या राहिल्या. विद्यापीठाने हे उशिरा का होईना मान्य केले आहे. 2005 मध्ये मॅककॉर्कल प्लेस या मुख्य हिरवळीवर एक स्मारक उभे राहिले. काळ्या दगडाचे एक गोल टेबल, आणि ते हातांवर तोलून धरणाऱ्या कांस्याच्या 300 लहान मानवी आकृती. भोवती बसायला दगड आहेत. ज्यांच्या कष्टावर हे विद्यापीठ उभे राहिले त्यांचे हे स्मारक. कल्पना चांगली आहे. पण आम्ही तिथे थोडा वेळ बसलो आणि लक्षात आले की बसणाऱ्याचे बूट नेमके त्या आकृतींच्या समोर येतात. आदर दाखवायला बांधलेल्या टेबलाखालीही ती माणसे ओझे वाहतच उभी आहेत.

याच हिरवळीवर 1913 पासून एक उंच पुतळा होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा तो पुतळा, लोक त्याला सायलेंट सॅम म्हणत. 2 जून 1913 ला त्याचे अनावरण झाले. त्या समारंभात ज्युलियन कार नावाच्या उद्योगपतीने भाषण करताना, युद्धावरून परतल्यावर आपण याच परिसरात एका कृष्णवर्णीय स्त्रीला चाबकाने कसे फोडून काढले, हे अभिमानाने सांगितले. हे भाषण अनेक दशके दप्तरात पडून होते. इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने ते बाहेर काढले, आणि हा पुतळा म्हणजे केवळ शहिदांची आठवण आहे, हा दावा टिकेनासा झाला. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि 20 ऑगस्ट 2018 च्या रात्री पुतळा खाली आला. आज तिथे फक्त गवत आहे. शेजारच्या कारबरो या गावाचे नाव मात्र अजून त्याच कारच्या नावावरून आहे.

1913 हे साल आपल्याला पाठ आहे. पुतळ्याच्या अनावरणाला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. तीनच वर्षांत, 9 मे 1916 रोजी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने त्यांना वर्गाबाहेर बसवले, त्या व्यवस्थेची उलटतपासणी त्यांनी जगासमोर केली. तिच्याविषयी बोलणारा अभ्यासक तिचाच बळी होता, हे त्या निबंधाचे मोठेपण आहे.

पॉली मरे यांचा अर्ज

चॅपल हिलला समाजशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान आहे. हॉवर्ड ओडम यांनी 1920 मध्ये इथे समाजशास्त्र विभागाची सुरुवात केली. 1922 मध्ये सोशल फोर्सेस हे नियतकालिक आणि 1924 मध्ये समाजविज्ञान संशोधन संस्था सुरू केली. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे जीवन, त्यांची गाणी, त्यांची शेती, त्यांचे दारिद्र्य यांचा अभ्यास करण्याचे हे त्या काळचे नामांकित केंद्र होते.

1938 मध्ये पॉली मरे या तरुणीने याच विद्यापीठात समाजशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला. त्या जवळच्याच डरहॅम शहरात वाढल्या होत्या. डिसेंबर 1938 मध्ये उत्तर आले: तुमच्या वंशाच्या व्यक्तींना आमच्याकडे प्रवेश दिला जात नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी राज्याच्या एका खटल्यात असा निकाल दिला होता की, गोऱ्यांना राज्यात कायद्याचे शिक्षण मिळत असेल तर कृष्णवर्णीयांनाही ते राज्यातच मिळाले पाहिजे. यावर नॉर्थ कॅरोलिनाने मुख्य विद्यापीठाचे दार उघडले नाही. डरहॅममधील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात वेगळा कायदा विभाग काढला. वेगळी विहीर देतो, पण आमच्या पाणवठ्यावर येऊ नका, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

थोडक्यात, कृष्णवर्णीयांवर संशोधन करण्यासाठी जे विद्यापीठ प्रसिद्ध होते, तिथे कृष्णवर्णीय व्यक्तीला संशोधक म्हणून प्रवेश नव्हता. अभ्यासाचा विषय म्हणून ती हवी होती, अभ्यासक म्हणून नको होती.

मरे यांच्या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. त्यांच्या पणजीला गुलाम म्हणून बाळगणारे स्मिथ कुटुंब याच विद्यापीठाशी जोडलेले होते. त्यातील एक जण विद्यापीठाचा विश्वस्त होता. त्या कुटुंबातील मेरी रफिन स्मिथ यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला जमीन दिली. म्हणजे मरे यांच्या पूर्वजांच्या घामाची कमाई विद्यापीठाने स्वीकारली आणि त्यांचा अर्ज परत पाठवला. फ्रँकलिन स्ट्रीटवर चॅपल ऑफ द क्रॉस नावाचे चर्च आहे. तिथे मरे यांच्या आजीचा बाप्तिस्मा गुलाम मुलगी म्हणून झाला होता. 1977 मध्ये पॉली मरे धर्मगुरू झाल्या आणि आपला पहिला उपासना विधी त्यांनी त्याच चर्चमध्ये केला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी देऊ केली. नॉर्थ कॅरोलिनाची विद्यापीठ व्यवस्था वंशभेद संपवण्याच्या केंद्राच्या आदेशांना अजून विरोध करत होती, म्हणून त्यांनी ती नाकारली. 2024 मध्ये अमेरिकन सरकारने त्यांची प्रतिमा 25 सेंटच्या नाण्यावर आणली.

समाजशास्त्र विभाग ज्या इमारतीत आहे, तिला गोऱ्या वर्चस्वाचे समर्थन करणाऱ्या हॅमिल्टन या इतिहासकाराचे नाव होते. 2020 मध्ये तिथल्या समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र अशा विभागांनी आपण या इमारतीला पॉली मरे यांचे नाव देत असल्याचे जाहीर केले. अधिकृत नाव बदलणे मात्र विश्वस्तांच्या हातात असते. याच विश्वस्तांनी 2015 मध्ये क्लू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्याचे नाव दुसऱ्या इमारतीवरून काढले आणि त्याच बैठकीत पुढची 16 वर्षे एकही नाव बदलायचे नाही असा ठरावही केला. तो 2020 मध्ये मागे घेतला गेला. सोळा वर्षे! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला. मधल्या सोळा वर्षांत आपली किती घरे जळली, किती माणसे गेली, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या इमारतीसमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा मनात औरंगाबादच होते.

दार कोणी उघडले

1951 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कायदा शाखेत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. 1955 मध्ये, पुन्हा न्यायालयाच्याच आदेशाने, डरहॅमच्या एका शाळेतील तीन मुले पदवीच्या वर्गात बसली. ही दारे विद्यापीठाने आपणहून उघडलेली नाहीत.

गावातही तेच. 1947 मध्ये आंतरराज्य बसमध्ये गोरे-काळे एकत्र बसून प्रवास करणाऱ्या सत्याग्रहींना चॅपल हिलमध्ये अटक झाली. त्यांत बेयार्ड रस्टिन होते. त्यांना साखळदंडाच्या टोळीत सक्तमजुरी भोगावी लागली. ती शिक्षा न्यायालयाने रद्द केली 2022 मध्ये, तेव्हा रस्टिन हयात नव्हते. 28 फेब्रुवारी 1960 ला लिंकन हायस्कूलची नऊ मुले फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या एका औषधाच्या दुकानात खाण्याच्या टेबलावर बसली. तिथे कृष्णवर्णीयांना वस्तू विकत मिळत, पण बसून खाता येत नसे. चवदार तळ्याचे पाणी पिणे आणि या मुलांचे त्या टेबलावर बसणे, दोन्ही कृतींचा अर्थ एकच होता.

आणि 1969 मध्ये विद्यापीठाच्या खानावळीतील कृष्णवर्णीय कामगार बायकांनी संप केला. पगार तुटपुंजा, कामाचे तास ठरलेले नाहीत, वागणूक अपमानाची. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना त्यांच्यामागे उभी राहिली. राज्यपालांनी पोलीस पाठवले, तरी अखेर पगारवाढ द्यावी लागली. विद्यार्थ्यांची संख्या तेव्हा मूठभर होती. पण खानावळीत वाढणारी बाई आपल्या आईसारखी आहे, हे त्यांना समजत होते. जिथे आपल्या मुलांना कामगारांची बाजू घ्यावीशी वाटते, ते विद्यापीठ आपले होऊ शकते.

विद्यापीठाच्या आवारातच जुनी दफनभूमी आहे. दगडी कुंपणाच्या एका बाजूला गोऱ्यांच्या कबरी, कोरीव शिळा, नावे, तारखा. दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीयांचा भाग, आणि तिथे अनेक ठिकाणी फक्त रानातला एक दगड उभा करून ठेवलेला. मेल्यावरही वेगळी जागा, हे दृश्य महाराष्ट्रातील किती गावांत आजही दिसते, ते आम्ही कामानिमित्त पाहत आलो आहोत.

मेरिटचे जेवण

इतिहास झाला, आता वर्तमानाकडे येऊ. त्या आठवड्यात एका मराठी कुटुंबाकडे जेवायला बोलावणे होते. यजमानांनी प्रेमाने केले होते सगळे. पाहुण्यांमधील एका गृहस्थांनी आधी आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर नेमके कुठल्या बाजूला. आम्ही सरळ सांगितले, आम्ही बौद्ध आहोत. ते म्हणाले, "इथे तसलं काही नसतं हो." थोड्या वेळाने मुलांच्या कॉलेज प्रवेशावर गप्पा आल्या आणि तेच गृहस्थ म्हणाले, "2023 च्या निकालाने बरं झालं. मेरिटला न्याय मिळाला."

तो निकाल 29 जून 2023 चा. त्यात दोन प्रतिवादी होते: हार्वर्ड, आणि दुसरे हेच चॅपल हिलचे विद्यापीठ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना विद्यार्थ्याचा वंश हा एक घटक म्हणून विचारात घेण्यास मनाई केली. 1978 पासून न्यायालयेच ज्या पद्धतीला मर्यादित मान्यता देत आली होती, ती 45 वर्षांनी न्यायालयानेच संपवली. माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना अनेक विद्यापीठांत जे झुकते माप मिळते, त्याला मात्र या निकालाने हात लावला नाही. बापाच्या ओळखीने मिळालेली जागा मेरिटची, आणि शतकांच्या बंदीनंतर मिळालेली जागा मात्र खिरापत, असे हे गणित आहे.

परिणाम लगेच दिसला. 2024 मध्ये चॅपल हिलला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या वर्षीच्या 10.5 टक्क्यांवरून 7.8 टक्क्यांवर आले. राज्याच्या लोकसंख्येत ते पाचव्या हिश्श्याहून जास्त आहेत. आशियाई विद्यार्थ्यांचे प्रमाण 24.8 वरून 25.8 टक्के झाले. गोऱ्यांचे जवळपास होते तेवढेच राहिले. मे 2024 मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी विविधता आणि समावेशनाच्या कामाचे 23 लाख डॉलर पोलीस आणि सुरक्षेकडे वळवण्याच्या बाजूने मत दिले. त्याच महिन्यात राज्याच्या सर्व सरकारी विद्यापीठांसाठीचे विविधता धोरणही रद्द झाले.

आता आपण नीट विचार केला पाहिजे. अमेरिकेच्या रकान्यात आपण कोण असतो? आशियाई. त्या एका शब्दात पाच-सहा पिढ्या शिकलेले कुटुंब आणि पहिल्यांदा पदवी घेणारी वस्तीतली मुलगी एकाच ओळीत उभी राहतात. जेवणातील त्या गृहस्थांना आशियाई या नावाने मिळणारा फायदा हवा होता आणि आमची जातही जाणून घ्यायची होती. जात दिसू न देणारी व्यवस्था जातीचा फायदा घेणाऱ्याला सोयीची असते. म्हणूनच ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांनी 2022 मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख आणला, तेव्हा ते आपल्यासाठी महत्त्वाचे पाऊल होते. 2023 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले जातिभेदविरोधी विधेयक राज्यपालांनी नकाराधिकार वापरून थांबवले, हेही लक्षात ठेवायला हवे.

तेव्हा आपली जागा त्या टेबलावर मेरिटच्या बाजूला नाही. ती पॉली मरे यांच्या बाजूला आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती, आणि डू बॉईस यांनी उत्तरही दिले होते. हे नाते बाबासाहेबांनी आखून दिलेले आहे.

आपल्याकडचे बंद दार

चॅपल हिलकडे बोट दाखवून थांबलो तर हा लेख अर्धाच राहील. 1938 मध्ये मरे यांना जे सांगितले गेले, त्याच्या जवळ जाणारे काहीतरी आपल्या देशात 2022 मध्ये घडले.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला 125 जागांची आहे, त्यांतील 115 अनुसूचित जातींसाठी. 2022 च्या नियमावलीत एक ओळ आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास असे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. म्हणजे वंचित समाजाच्या मुलीने परदेशात जाऊन यंत्रमानवावर संशोधन करावे, कर्करोगावर करावे, पण ज्या जातीने तिच्या आईच्या हातात झाडू दिला त्या जातीवर करू नये. ते कोणीही करू शकतो, फक्त सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेली ती मुलगी नाही. हाच नियम 1913 मध्ये असता, तर 1916 चा तो निबंध शिष्यवृत्तीच्या पैशांत बसला नसता.

आमच्या घरातील अर्ज याच ओळीवर अडला. वयाची अट 35 ची आहे आणि आमच्याकडे वर्ष उरले आहे एक. विषय बदला, असा सल्ला अनेकांनी दिला. आर्थिक धोरण असे काही नाव द्या आणि आत तेच लिहा, असेही एकाने सुचवले. तो सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण ज्या विषयासाठी दहा वर्षे वस्तीत घालवली, त्याचेच नाव लपवून जायचे असेल तर जायचे कशाला?

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 75 जागांची आहे. तिच्या अटीही गेल्या काही वर्षांत बदलत राहिल्या आणि प्रत्येक बदलानंतर विद्यार्थ्यांना निवेदने घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. यामागचे कारण समजून घ्या. आपल्या आरक्षणाला संविधानाचा आधार आहे. या शिष्यवृत्त्या मात्र शासन निर्णयावर आणि परिपत्रकावर उभ्या आहेत. जे परिपत्रकाने मिळते ते परिपत्रकाने जाते, जसे अमेरिकेत निकालाने मिळालेले निकालाने गेले. म्हणून आपली मागणी दोन शब्दांत नको, दोन टप्प्यांत हवी. पहिला टप्पा, विषयबंदीची ती ओळ काढा. दुसरा, परदेशी शिष्यवृत्तीचे निकष कायद्यात आणा, म्हणजे दरवर्षी जाहिरातीबरोबर धाकधूक नको.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

या भेटीतून आणि त्यानंतरच्या वाचनातून आमच्या हाती काही व्यवहारी गोष्टी लागल्या. अर्ज करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी त्या इथे मांडतो.

पहिली गोष्ट पैशांची. अमेरिकेत एम.ए.-एम.एस. बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने करावे लागते. पीएच.डी.ला मात्र अनेक चांगले विभाग फी माफ करतात आणि अध्यापन किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मानधन देतात. म्हणजे शिष्यवृत्ती हुकली की सगळे संपले असे नाही. अर्जाची फी माफ होते का, हेही विभागाला लिहून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी, धोरणात जात हा शब्द आहे का. नसेल तर तक्रार कुठल्या रकान्यात नोंदवली जाईल, हे आधीच विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या.

तिसरी, संघटनेचा हक्क. हार्वर्डच्या विद्यार्थी-कामगार संघटनेने 2021 च्या करारात जातीचे संरक्षण मिळवले. नॉर्थ कॅरोलिनात 1959 च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक करार करण्यास मनाई आहे, त्यामुळे चॅपल हिलसारख्या सरकारी विद्यापीठात तो मार्ग बंद आहे. जवळचेच ड्यूक विद्यापीठ खासगी आहे आणि तिथल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांनी 2023 मध्ये संघटनेची निवडणूक जिंकली. दोन विद्यापीठांत अंतर पाऊण तासाचेही नाही, हक्कांत मात्र एवढे आहे. रँकिंगच्या यादीत हे दिसत नाही.

चौथी, तुमच्या विषयाचा मार्गदर्शक तुमच्याकडे कसा पाहतो. माहिती आणून देणारी म्हणून, की स्वतःचा सिद्धांत मांडू शकणारी म्हणून? त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. त्यांपैकी कितींनी स्वतःच्या समाजावर स्वतःच्या नावाने लिहिले, ते पाहा.

पाचवी, व्हिसा आणि पुढचे दिवस. 2025 च्या मे-जूनमध्ये काही आठवडे अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि नंतर समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याची अट आली. सप्टेंबरमध्ये नोकरीच्या एच-1बी व्हिसावर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. म्हणून फक्त अमेरिकेवर विसंबू नका, दुसऱ्या देशांतलेही दोन-तीन अर्ज तयार ठेवा. कर्ज काढून, तिथल्या नोकरीच्या भरवशावर जाण्याचे दिवस सध्या नाहीत. घर किंवा शेत गहाण ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

आणि सहावी, गावात फिरून या. जाता आले नाही तर तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा: इथली कामगार वस्ती कुठे आहे? चॅपल हिलला नॉर्थसाइड नावाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे. विद्यापीठात राबणारी माणसे पिढ्यानपिढ्या तिथे राहिली. विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यासाठी घरे विकत घेतली जाऊ लागली तशी तिथली जुनी कुटुंबे उठत गेली. आपण तिथे शिकायला गेलो तर ते भाडे आपणही भरणार आहोत. हे माहीत असून कुठे राहायचे ते ठरवणे, एवढे तरी आपल्या हातात असते.

आमचा निर्णय

मग चॅपल हिल की नाही? परतीच्या प्रवासात आम्ही दोघे यावर बोललो. एक मत असे होते की, जिथे दारे पुन्हा लोटली जात आहेत तिथे जाऊच नये. दुसरे मत असे की, मरे यांनी अर्ज केला तेव्हा दार बंदच होते, आणि त्यांनी अर्ज केला म्हणून नकाराचा कागद तयार झाला. तो कागद आजही त्या विद्यापीठाविरुद्धचा पुरावा आहे.

शेवटी ठरले ते असे. चॅपल हिलला अर्ज जाईल, आणखी चार ठिकाणीही जाईल. विषयाचे नाव बदलणार नाही, त्यात सफाई कामगार आणि जात हे दोन्ही शब्द असतील. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठीही याच विषयाने अर्ज करणार आहोत. नाकारला तर नकार लेखी मागू. तुमच्यापैकी ज्यांचे विषय असेच अडले आहेत त्यांनीही तेच करावे. एकाचा नकार ही तक्रार असते. शंभर लेखी नकार एकत्र आले तर ती न्यायालयात आणि संसदेत मांडता येणारी गोष्ट होते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते दुसऱ्याच्या प्रबंधातील तक्ता होण्यासाठी नाही. आपल्या आयांच्या आयुष्याचा प्रबंध आपल्या मुली लिहितील, आणि तोही त्यांना हव्या त्या विद्यापीठातून. अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. कामाला लागू या.

जय भीम! नमो बुद्धाय!